मालकाची तुला, पोरींचं वजन

कबड्डीचं मैदान तयार होत असताना तिथे सगळ्यात आधी काय येतं, असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही मॅट म्हणाल, नाहीतर पंचांची टेबलं. चूक. सगळ्यात आधी येतो तो मालकाचा सोफा. लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा, लग्नात नवरानवरी बसतात तसला. तो टेम्पोतून उतरवायला चार माणसं धावतात. मॅट उतरवायला मी आणि माझ्या मुली धावतो.

साकोलीच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका होते. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता शिट्टी खुंटीला टांगायची आणि सकाळी उशिरा उठायचं. नेमकी तेव्हाच आमच्या जिल्ह्यात कबड्डीची लीग निघाली. टीव्हीवर मोठी लीग दिसते, तिची ही लहान बहीण. प्रत्येक तालुक्याच्या नावाने एक संघ, प्रत्येक संघाला एक मालक, खेळाडूंची बोली, जर्सी, डीजे, सगळं. आता आमच्याकडे मालक म्हणून उद्योगपती कुठून आणायचे? कुणी ले-आउट पाडून प्लॉट विकणारा, कुणी राइस मिलवाला, कुणी रस्त्यांचा ठेकेदार. लीगचा एक नियम होता, जो पुरुषांचा संघ घेईल त्याने महिलांचा संघही घ्यायचा. नियम चांगला होता. पण मालकांच्या लेखी आमच्या मुली म्हणजे साबणाच्या पुड्याला चिकटवलेली फुकटची वडी. आणि महिला संघ आहे तर मॅनेजरही बाईच पाहिजे, म्हणून त्या वडीबरोबर मी.

मॅनेजर म्हटलं की लोकांना गॉगल लावलेला माणूस दिसतो. माझ्या कामात गॉगल कुठेच येत नाही. गुडघ्याला पट्ट्या बांधायच्या, बर्फ आणायचा, मॅटवर खेळायचे बूट फाटले तर मोच्याकडे पळायचं, कुणाची पाळी आली तर पिशवीतून हवं ते काढून द्यायचं, मैदानाजवळ मुलींना जाण्याजोगा संडास कुठे आहे ते गावात पोचल्या पोचल्या हुडकायचं, कुणाच्या वडिलांना फोन करून "मुलगी आमच्याजवळ सुखरूप आहे" असं सांगायचं. आणि या सगळ्यासाठी मालकाच्या मागे लागायचं. यातलं शेवटचं काम सोडलं तर बाकी सगळं मला मनापासून आवडतं.

कबड्डी तुम्ही पाहिलीच असेल. चढाई करणारी मुलगी समोरच्यांच्या अंगणात एकटी जाते, एका दमात, तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत, कुणाला तरी शिवते आणि परत यायला बघते. तिला परत जाऊ न देण्यासाठी समोर सातजणी टपलेल्या असतात. त्यात ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतो तो विश्वास, की मागे आपल्या माणसांचं लक्ष आहे. मालकाचं लक्ष बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडे असतं.

आमचे पहिले मालक ले-आउटवाले. त्यांनी जर्सी शिवून आणल्या, त्यावर छातीवर स्वतःचा फोटो. पुरुषांच्या संघाला तो मुकाट्याने चालला. आमची कर्णधार सीमा, जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. ती कुणाचं ऐकून घेणारी नाही. तिने जर्सी दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली. म्हणाली, "मॅडम, या माणसाचं तोंड छातीवर घेऊन मी खेळणार नाई. काय करायचं ते करा."

मी शिंप्याकडे गेले आणि प्रत्येक जर्सीवर बरोबर त्या जागी नंबराचं कापड शिवून घेतलं. पहिल्याच सामन्याला मालकांनी मला सोफ्याजवळ बोलावलं. चेहरा पडलेला.

"मॅडम, माह्या तोंडावर सात नंबर काहून लावला?"

"सीमाचा नंबर सात आहे, साहेब," मी म्हटलं. "आठ लावला असता तर पंचांनी बाद केली असती."

त्याच साहेबांनी उद्घाटनाला मालिकेतली एक नटी आणली होती. तिला कपडे बदलायला नागपूरहून आरशाबिरशाची, एसीची बस आली होती, आतमध्ये संडास आणि बेसिनसुद्धा. आमच्या मुली ताडपत्रीच्या आडोशाला कपडे बदलत होत्या, ताडपत्रीची दोन टोकं धरून मी आणि एक पोलीस ताई. नटी फीत कापून, हात हलवून निघून गेली. मी विनंती केली की साहेब, ही बस स्पर्धा संपेपर्यंत राहू द्या. ते म्हणाले, "मॅडम, तिचा किराया एकच दिवसाचा हाये न." बस रिकामी नागपूरला परत गेली. मी शेजारच्या एका घरी जाऊन हात जोडले, आणि त्या घरच्या काकूंनी स्पर्धाभर मुलींना आपली मोरी उघडी ठेवली. त्या काकूंना लीगकडून मैदानात बसायचा साधा पासही मिळाला नाही.

पुढच्या वर्षी साहेबांचा उत्साह संपला. त्यांनी संघ विकला. आम्हाला ते कळलं ते एका मुलीने व्हॉट्सॅपवर नव्या मालकांचं स्टेटस पाहिलं म्हणून. त्यात पुरुषांच्या संघाचा फोटो होता, आणि खाली बारीक अक्षरांत "सोबत महिला संघ".

नवे मालक मोरेश्वरभाऊ. साकोलीजवळ त्यांची राइस मिल. बुटके, भरदार, पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. हा माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. मुलींना ते 'लेकी' म्हणत, कधी वावगी नजर नाही, कधी वावगा शब्द नाही. हरलो तरी आवाज चढवला नाही. त्यांना एकच गोष्ट येत होती, खाऊ घालणं. मी मॅटचे बूट मागितले, त्यांनी प्रत्येक मुलीच्या घरी तांदळाचा कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, पाठवला. मी म्हटलं, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीवाली पाहिजे, महिन्यातून दोनदा तरी. त्यांनी बदाम पाठवले. मी म्हटलं, भाऊ, सरावाला मॅट भाड्याने घेऊ या, मुली मातीवर सराव करतात आणि मॅटवर घसरतात. ते माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "मॅडमजी, पोरी खातच नाई बरोबर. खाल्लं तं घसरतीन कायले?"

संघाचं नावही त्यांनी बदललं. आधी आम्ही 'नागझिरा वाघिणी' होतो. आता 'अन्नपूर्णा वाघिणी' झालो, कारण त्यांच्या तांदळाच्या ब्रँडचं नाव अन्नपूर्णा. वाघीण स्वयंपाक करते असं आम्हाला तेव्हाच कळलं.

आता थोडं वजनाविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात कबड्डी वजनगटात खेळतात. आमच्या लीगमध्ये महिलांसाठी मर्यादा साठ किलो. स्पर्धा सुरू होताना एकदा वजन होतं आणि शेवटच्या दिवशी दुपारी, अंतिम सामन्याआधी, पुन्हा एकदा. मर्यादेच्या वर काटा गेला की ती मुलगी त्या दिवशी बाहेर. याबाबतीत पंच कुणाचं ऐकत नाहीत आणि ऐकूही नये, नाहीतर लहान चणीच्या मुलींची हाडं मोडतील.

आमची सगळ्यात चांगली चढाईपटू प्रणाली. तुमसर तालुक्यातलं बपेरा तिचं गाव, मध्य प्रदेशची हद्द जवळच. उंच, रुंद खांद्यांची, आणि चढाईला निघाली की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये अशी. वजन कायम साठाच्या उंबरठ्यावर. तिच्यासाठी ती स्पर्धा नुसती स्पर्धा नव्हती. एका सरकारी खात्याच्या संघासाठी मुली निवडायला दोन प्रशिक्षक नागपूरहून अंतिम सामना बघायला येणार होते. निवड झाली की नोकरी. आणि प्रणालीचं वय असं होतं की त्या वर्षी निवडली गेली तर गेली, पुढच्या वर्षी अर्जच करता आला नसता.

तिने त्यासाठी भात सोडला होता. बाहेरच्यांना यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या जिल्ह्यात भात सोडणं म्हणजे जेवण सोडणं. घरात मालकांनी पाठवलेला तांदळाचा कट्टा, आणि ही बाजारातून ज्वारी आणून भाकर खाणार. तिची आई मला फोन करायची, "मॅडम, पोरगी भाताले हात लावत नाई. बिमार हाये का, मले खरं सांगा." मी त्यांना समजावून सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करायच्या.

आम्ही अंतिम फेरीत पोचलो. मोरेश्वरभाऊंना आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांनी आयोजकांना सांगून अंतिम दिवस स्वतःच्या वाढदिवसालाच ठेवून घेतला. वाढदिवसाला दरवर्षी मिलच्या आवारात त्यांची लाडूतुला होते. एका पारड्यात भाऊ, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. भाऊ वर उचलले गेले की टाळ्या, मग ते लाडू गावात वाटतात. त्या वर्षी ते वाटप मुलींपासून सुरू करायचं, असं त्यांनी ठरवलं.

मला कळल्याबरोबर मी मिलवर गेले. "भाऊ, दुपारी मुलींचं वजन आहे. कार्यक्रम सामना झाल्यावर ठेवा."

"होऊ द्या न वजन," भाऊ म्हणाले. "आमच्याइकडंबी वजनच होऊन रायलं."

"थट्टा नाही भाऊ. त्यांना आज काही खाऊ घालू नका."

"मुहूर्त सकाळचा हाये मॅडमजी, तो कसा बदलवू? अन् पोरी नाई आल्या तं मंग तुला कोनासाठी? नाई खाऊ द्या त्यायले. उभ्या तं रायतीन न?"

उभ्या राहतील, असं मी कबूल केलं. तरी माझा जीव शांत नव्हता. मिलकडे नेताना गाडीत मी मुलींना सांगितलं, कुणी आग्रह केला तर उपास आहे म्हणा. प्रणाली म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी कोनी कवाच उपास केला नाई. भाऊनं विचारलं कोनता, तं काय सांगू?" सीमा म्हणाली, "कोनताबी सांग. त्यायले थोडीच पाठ हाये." सगळ्या हसल्या. त्या दिवशी मनापासून हसण्याची ती शेवटची वेळ.

मिलच्या लोखंडी तुळईला मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांना झेंडूच्या माळा. भाऊ फेटा बांधून, मांडी घालून एका पारड्यात बसले. दुसऱ्यात टोपल्याच्या टोपल्या लाडू ओतले जात होते. पारडं हलेना. आणखी टोपल्या आणल्या. जर्सी घातलेल्या माझ्या मुलींनी रांगेने जाऊन एकेक लाडू त्या पारड्यात टाकायचा होता, तेवढं त्यांनी केलं. शेवटी भाऊ डुलत डुलत वर गेले, फटाके फुटले, डीजे सुरू झाला. इथवर ठीक होतं. मी मुलींना हाताने खुणावलं की चला, गाडीत बसा.

तेवढ्यात भाऊ पारड्यातून उतरले आणि हातात लाडू घेऊन मुलींसमोर उभे राहिले. त्यांना स्वतःच्या हाताने भरवायचं होतं. मोबाइल घेऊन फोटो काढायला त्यांचा पुतण्या पंकज.

पहिल्याच मुलीने सांगितलं, "भाऊ, उपास हाये."

भाऊंचा चेहरा उजळला. "मले माहीतच होतं कोनाचा तरी असंन. पंकज, ते इकडं आन." पंकजने एक वेगळी परात आणली. उपासवाल्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते. या माणसाने सगळ्यांचा विचार केला होता, फक्त वजनकाट्याचा सोडून.

प्रणालीची पाळी आली. तिनेही उपासच सांगितला. ती संघाची लाडकी, गावालाही माहीत असलेली, त्यामुळे तिचा फोटो चांगला यायला हवा. भाऊंनी भरवलं. पंकज म्हणाला, "काका, तुमचे डोये मिटले. आणखी एकदा." दुसरा लाडू. आता मागून कुणीतरी मध्ये आलं. तिसरा. मग भाऊंच्या म्हाताऱ्या आईला नातीसारख्या पोरीला आपल्या हाताने भरवायचं होतं, त्यांना नाही कोण म्हणणार? मग दोघांचा एकत्र. शेंगदाण्याचे लाडू घशात बसतात, म्हणून वर पाण्याचा ग्लास. मी माणसांतून वाट काढत पुढे गेले, प्रणालीचा दंड धरला आणि म्हटलं, "भाऊ, बस करा. हिचं वजन आहे." माइक चालूच होता. भाऊ त्यात हसून म्हणाले, "पाहा, आमच्या मॅडम पोरींले कसा धाक लावतात." सगळं आवार हसलं. प्रणालीही घास तोंडात ठेवून कसनुशी हसली. तिला थुंकता येत नव्हतं आणि गिळवत नव्हतं. मोठ्या माणसाच्या हातातला घास नाकारायचा नाही, हे आमच्या पोरींना कबड्डीच्याही आधी शिकवलेलं असतं.

पलीकडे पंगतीची तयारी होती, भात, वरण, वांग्याची भाजी. तिथून मी मुलींना अक्षरशः ओढून काढलं.

वजन शाळेच्या एका खोलीत, पडद्याआड. काट्यावर बसलेली पंच माझीच जुनी विद्यार्थिनी. एकेक मुलगी आत जाऊन बाहेर आली. प्रणाली आत गेली आणि आतून बराच वेळ काही आवाज येईना. मग पंच बाहेर आली. "मॅडम, साठावर सहाशे ग्रॅम. दोनदा घेतलं." सांगताना तिने डोळे खाली केले नाहीत. तिला मीच तसं शिकवलं होतं. नियमाप्रमाणे तिने एक तास दिला.

तासाभरात वजन उतरवायचा एकच मार्ग, घाम. मैदानामागे गावची बोडी आहे, लहानसा तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावायला जागा. प्रणालीने दोन स्वेटर चढवले. वरून प्लास्टिक हवं होतं म्हणजे घाम जास्त निघतो. सीमाने कुठूनतरी तांदळाची रिकामी थैली आणली, तळाला डोक्यापुरतं आणि बाजूंना हातांपुरतं फाडलं. थैलीवर अन्नपूर्णा तांदूळ, आणि भाऊंचा हसरा फोटो. या वेळी त्या फोटोवर नंबर शिवायला कुणाला वेळ नव्हता.

सीमा तिच्याबरोबर धावली. संध्याकाळी अंतिम सामना खेळायचाय, ताकद राखून ठेव, असं मी तिला म्हटलं, तिने ऐकलं नाही. ऊन चढलेलं. त्या दोघी पाळीच्या या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा माघारी. मी झाडाखाली उभी राहून घड्याळ बघत होते आणि मनात त्या लाडवांना, त्या पंकजच्या मोबाइलला आणि त्या मुहूर्त काढून देणाऱ्याला शिव्या घालत होते. शाळेत असताना मी कधी शिवी दिली नव्हती.

वेळ संपत आली तेव्हा प्रणालीने पुन्हा वजन दिलं. अजून दोनशे ग्रॅम जास्त. "आणखी एक चक्कर मारतो मॅडम," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता धावत सुटली. अर्ध्या पाळीवर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती बसली, मग आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा ओठ पांढरे, डोळे भलतीकडेच.

मी ती थैली फाडून काढली. बाटली उघडली.

"पानी नका देऊ," ती म्हणाली. "मॅडम, पानी नका देऊ. उतरलं हाये थोडं."

पाणी दिलं की वजन वर गेलं, वजन वर गेलं की सामना गेला, सामना गेला की नोकरी. हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी धरली आणि लहान पोराला औषध पाजतात तसं तिला पाणी पाजलं. पहिला घोट तिने बाहेर टाकला. दुसरा गिळला. मग बाटली माझ्या हातातून ओढून घेतली आणि सगळी प्यायली, रडत रडत. सीमा तोंड फिरवून तलावाकडे बघत बसली. मला भयंकर राग आला होता, आणि तो राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस तेव्हा पंगतीत वाढत होता.

भाऊ आले ते वाजतगाजत आले, फेटा तसाच. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना खरंच धक्का बसला.

"दोनशे ग्रामसाठी?"

"दोनशे ग्रॅमसाठी."

"मंग मले फोन काहून नाई केला मॅडमजी? मिलचा काटा पाठवून दिला असता."

"मिलच्या काट्याने काय झालं असतं भाऊ?"

"साठ दाखवला असता," ते म्हणाले. अगदी भोळेपणाने, मदतीला धावून आलेल्या माणसाच्या आवाजात.

जिल्ह्यात त्यांना धान विकणाऱ्यांनी हे वाक्य वाचून हसावं की रडावं, त्यांचं त्यांनी बघावं. मी तिथून निघून गेले, कारण थांबले असते तर त्यांच्या फेट्याला हात घातला असता.

सामना सुरू झाला. भाऊंना वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की ते जे करतात तेच त्यांनी केलं. प्रणालीला बोलावून शेजारी सोफ्यावर बसवलं. सोनेरी पायांच्या त्या सोफ्याच्या लाल मखमलीवर, जर्सी घातलेली आमची चढाईपटू. समोर मॅटवर तिच्या जागी दुसरी मुलगी चढाईला जाऊन पकडली जात होती. भाऊ मधून मधून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. अर्धा वेळ झाला तेव्हा त्यांनी तिच्यासाठी ताट मागवलं. तिने ते मांडीवर घेतलं आणि त्यात भात होता.

नागपूरचे प्रशिक्षक माझ्या शेजारीच बसले होते. एकाने विचारलं, "ती सोफ्यावरची कोण? मालकाची मुलगी का?"

"आमची चढाईपटू," मी म्हटलं.

"मग खेळत का नाही?"

"वजन."

त्यांनी मान हलवली. असं त्यांनी पुष्कळदा पाहिलं असणार. मी त्यांना तिचे आधीचे सामने, तिची चढाई, सगळं सांगायचा प्रयत्न केला. ते सभ्य होते, ऐकून घेतलं. म्हणाले, आम्ही जे डोळ्यांनी बघतो तेच लिहितो मॅडम. आम्ही थोडक्यात हरलो. भाऊ रागावले नाहीत. "हारजीत चालत रायते," ते म्हणाले. "समद्या जेवून जा."

त्यानंतर मी ते काम सोडायचं ठरवलं होतं. पण यंदा भाऊ स्वतः घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मॅडमजी, ते माह्या जिवाले लागून हाये. तुमी म्हनसान तसं करतो." मी म्हटलं, बूट, मॅट, फिजिओथेरपीवाली. त्यांनी मान डोलावली. आणि अंतिम दिवशी वजन होईपर्यंत मुलींच्या तोंडात काही जाता कामा नये. त्यावर ते गहिवरून म्हणाले, "त्याचा बंदोबस्त मी आधीच केला हाये."

बूट आले, हे कबूल करते. मॅट आली नाही. फिजिओथेरपीवाली एकदा आली, तिला जेवायला घातलं, ती पुन्हा आली नाही. प्रणालीला मी मदतनीस म्हणून बोलावलं. आता ती तुमसरला कापडाच्या दुकानात काम करते, अर्जाचं वय निघून गेलं. शनिवार-रविवारी येते, मुलींना पट्ट्या बांधते, चढाई शिकवते. शिकवते चांगलं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही.

यंदाही आम्ही अंतिम फेरीत आलो आणि यंदाही तो दिवस भाऊंचा वाढदिवस. तुलेला नुसतं उभं राहायचं ठरवून आम्ही गेलो, तर मिलच्या फाटकावर भलामोठा फलक: "खेळाडूंच्या आरोग्यासाठी यंदा शुगरफ्री लाडूतुला". हा बंदोबस्त. मी फलकाखाली उभी राहून तो दोनदा वाचला. मुलींना मी गाडीतून उतरूच दिलं नाही. ड्रायव्हरला म्हटलं, दार लावून घे.

भाऊ लाडू घेऊन गाडीपर्यंत चालत आले, मागे म्हाताऱ्या आई, मागे मोबाइल घेऊन पंकज. "मॅडमजी, यात साखरेचा कन नाई. पोरींले खाली उतरू द्या. फोटो तं पायजे."

"भाऊ, वजन लाडवाचं होतं. साखरेचं नाही."

त्यांना कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना खरंच वाटत होतं की यंदा आपण काही चुकवलेलं नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आता हा माणूस रडणार आणि मी त्याच्यावर ओरडणार, असं झालं होतं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागचं दार सरकलं. प्रणाली खाली उतरली आणि आपल्यामागे दार पुन्हा लावून घेतलं. भाऊंसमोर जाऊन उभी राहिली.

"मले भरवा भाऊ," ती म्हणाली. "समद्यांच्या वाटचे मी खातो."

भाऊंनी भरवलं. पंकजचे फोटो हलले, पुन्हा भरवलं. म्हाताऱ्या आईंनी भरवलं. काचेआडून सगळ्या मुली बघत होत्या. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, पुरे झालं आता, बस कर.

तिने तोंडातला घास गिळला, ओढणीने ओठ पुसले.

"खाऊ द्या न मॅडम," ती म्हणाली. "आता मले कोन मोजते."